व्यंगचित्रकार सर जॉन टेनियल

लांब कानांचा एक पांढरा ससा. अंगात बंडी आणि कोट, हातात खिशातले घड्याळ आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याची घाई. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकींनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. निदान आपल्या मुलांच्या किंवा नातवंडांच्या पुस्तकात तरी. ‘ॲलिस’ची गोष्ट लिहिणाऱ्या लुई कॅरॉलचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो ससा, ती खदखदून हसणारी मांजर, तो विक्षिप्त टोपीवाला ह्यांना ज्याने डोळ्यांना दिसणारे रूप दिले, त्या चित्रकाराचे नाव सहसा कुणाला आठवत नाही. तो जॉन टेनियल. मुलांच्या पुस्तकांची चित्रे हा त्याच्या आयुष्यातला केवळ जोडउद्योग होता. त्याचा खरा धंदा राजकीय व्यंगचित्रे काढण्याचा. आणि तो त्याने एकाच साप्ताहिकात, एकाच निष्ठेने, थोडीथोडकी नव्हे तर पन्नास वर्षे केला.

टेनियलचा जन्म २८ फेब्रुवारी १८२० रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे पूर्वज फ्रान्समधून आलेले. वडील नृत्य आणि तलवारबाजी शिकवीत. अशा घरात पैसा बेताचाच असायचा. पण चालण्याबोलण्यातला डौल आणि शिस्त मुलांच्या अंगी आपोआप मुरत असे. तरुणपणी टेनियल उंच, सडपातळ आणि ताठ चालणारा होता, आणि म्हातारपणीही लोकांना तो निवृत्त लष्करी अंमलदारासारखा वाटे.

चित्रकलेचा नाद लहानपणापासूनचा. सोळाव्या वर्षीच त्याचे चित्र प्रदर्शनात लागले. पुढे रॉयल अकॅडमीच्या शाळेत त्याने नाव घातले खरे, पण तेथे शिकवणे असे फारसे होईना, तेव्हा ती शाळा सोडून तो आपला आपणच शिकू लागला. ब्रिटिश म्युझियममध्ये जावे, जुनी चिलखते, पोशाख, शिल्पे तासन् तास न्याहाळावी, घरी यावे आणि पाहिलेले आठवून काढावे, असा त्याचा क्रम. ही सवय त्याला जन्मभर पुरली. पुढे हजारो चित्रे त्याने काढली, पण समोर माणूस बसवून चित्र काढण्याची गरज त्याला पडली नाही. एकदा पाहिलेला चेहरा, घोड्याची खोगीर, सैनिकाच्या कोटाची बटणे, सारे मनात जसेच्या तसे राही. फार तर एखाद्या पुढाऱ्याचे छायाचित्र किंवा गणवेशाचा नमुना तो पाहून घेई.

ह्या स्मरणशक्तीचे महत्त्व आणखी एका गोष्टीने वाढले. विशीत असताना तो एकदा वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करीत होता. सरावाच्या तलवारीच्या टोकाला इजा होऊ नये म्हणून बोंडी बसवलेली असते. वडिलांच्या तलवारीची ती बोंडी निसटली आणि टोक मुलाच्या उजव्या डोळ्याला लागले. त्या डोळ्याची दृष्टी हळूहळू गेली. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला ह्याहून मोठा घाला कोणता? पण टेनियलने ही इजा किती गंभीर आहे हे वडिलांना कधीच कळू दिले नाही. आपल्या हातून मुलाचा डोळा गेला हे शल्य बापाला जन्मभर लागून राहील, म्हणून त्याने ते आपल्यापाशीच ठेवले. पुढची सारी चित्रे त्याने उरलेल्या एका डोळ्यावर काढली. भगिनींनो, आपण घराघरांत अशी मुकी सोसणारी माणसे पाहतो. म्हणून टेनियलच्या साऱ्या कीर्तीपेक्षा ही एक गोष्टच अधिक मनात राहते.

आज आपण ‘कार्टून’ हा शब्द हसवणाऱ्या चित्रासाठी वापरतो. मूळ शब्दाचा हसण्याशी काही संबंध नव्हता. भिंतीवर मोठे रंगचित्र काढण्यापूर्वी जाड कागदावर जो पूर्ण आकाराचा आराखडा काढीत, त्याला कार्टून म्हणत. लंडनचे पार्लमेंट १८३४ साली जळाले आणि नवी इमारत उभी राहू लागली. तिच्या भिंतींसाठी चित्रकारांच्या स्पर्धा झाल्या आणि १८४३ साली ती भलीमोठी कार्टुने प्रदर्शनात मांडली गेली. देशात गरीब जनता उपाशी, आणि सरकार भिंती रंगवण्यावर पैसा खर्च करते, म्हणून ‘पंच’ नावाच्या साप्ताहिकाने आपल्या टवाळीच्या चित्रांनाच कार्टून म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून तो शब्द व्यंगचित्राला चिकटला तो कायमचा.

मौज अशी, की टेनियलने दोन्ही प्रकारची कार्टुने काढली. १८४५ सालच्या स्पर्धेत त्याने न्यायदेवतेचे एक प्रचंड चित्र पाठवले. त्याला दोनशे पौंडांचे बक्षीस मिळाले आणि नव्या पार्लमेंटात एक भित्तिचित्र काढण्याचे कामही मिळाले. परंतु त्या दालनातली बहुतेक भित्तिचित्रे लंडनच्या ओलसर, धुरकट हवेत खराब झाली. टेनियलचे नाव टिकवले ते दगडी भिंतीने नव्हे, आठवड्याला एकदा निघणाऱ्या कागदाने!

‘पंच’ १८४१ च्या जुलैत निघाले. मार्क लेमन हा त्याचा संपादक. १८५० साली रोमच्या पोपवर ‘पंच’ने टीकेची झोड उठवली, तेव्हा रिचर्ड डॉइल हा कॅथलिक चित्रकार ते साप्ताहिक सोडून गेला. शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणाऱ्या कॉनन डॉइलचा हा काका. मोकळी झालेली जागा टेनियलकडे आली, ती त्याने १८४८ साली काढलेल्या इसापनीतीच्या चित्रांमुळे. त्यातले प्राणी लेमनच्या मंडळींच्या डोळ्यांत भरले होते. टेनियलला मात्र ह्या बोलावण्याचे नवल वाटले. आपण गंभीर चित्रकार, आपल्यात विनोदी असे काय आहे, असे त्याला वाटे. तरीही त्याने काम पत्करले. १८६४ साली जॉन लीच हा ‘पंच’चा जुना चित्रकार वारला आणि मुख्य व्यंगचित्राचा भार सर्वस्वी टेनियलवर आला.

हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. दर बुधवारी रात्री ‘पंच’ची मंडळी एका मोठ्या टेबलाभोवती जेवायला बसत. जेवण आटोपले, की पुढल्या अंकाच्या मोठ्या चित्राचा विषय निघे. कुणी एक कल्पना सुचवी, दुसरा ती खोडून काढी, वादविवाद होई आणि अखेर एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होई. टेनियल बहुधा गप्प बसून ऐके. गुरुवारी तो विचार करून कच्चे चित्र काढी. शुक्रवारी सकाळी कामाला बसला, की दिवसभर मान वर करीत नसे. कठीण, गुळगुळीत लाकडाच्या ठोकळ्यावर टणक पेन्सिलीने चित्र उतरवायचे, आणि तेही उलटे. कारण छापताना डावे उजवीकडे जाते आणि उजवे डावीकडे. संध्याकाळी कोरणाऱ्याकडचा पोऱ्या दाराशी येऊन थांबलेला असे. सहा-सात वाजता ठोकळा त्याच्या हाती पडला, की जोसेफ स्वेनच्या कारखान्यात कोरणारे कारागीर कामाला लागत आणि शनिवारी रात्रीपर्यंत ते पुरे करीत. काळी रेघ राहू द्यायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकायचे, असे ते काम. सोमवारी रात्री छापलेला अंक टपालाने टेनियलच्या घरी येई, आणि बुधवारी पुन्हा जेवणाचे टेबल. पन्नास वर्षांत हे चाक क्वचितच थांबले. ‘पंच’मध्ये त्याची दोन हजारांहून अधिक मोठी व्यंगचित्रे आली.

ह्या सुरळीत चालणाऱ्या कामामागे घर मात्र रिकामे होते. ज्युलिया जियानी ह्या तरुणीशी त्याचे लग्न झाले, पण संसार अगदी थोडा लाभला. १८५६ साली ती क्षयाने गेली. टेनियल तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याने पुन्हा लग्न केले नाही. सासूबाईंनी जावयाचे घर सांभाळले आणि त्यांच्यानंतर बहिणीने. ह्या दोन स्त्रियांची नावे कुठल्या व्यंगचित्राखाली नाहीत. पण दर शुक्रवारी तो निवांतपणे ठोकळ्यावर मान घालून बसू शकला, त्यात त्यांचा वाटा काही कमी नव्हता.

आता आपल्या देशाशी संबंध असलेला, आणि वाचताना आपल्याला बोचणारा, भाग सांगितलाच पाहिजे. १८५७ साली कानपूरची बातमी विलायतेला पोचली. इंग्रज बायकामुलांची तेथे कत्तल झाली होती आणि सारे इंग्लंड सूडाने पेटले होते. २२ ऑगस्टच्या ‘पंच’मध्ये टेनियलचे चित्र आले. एक बाई आणि तिचे मूल जमिनीवर पडले आहे, त्यांच्यावर बंगालचा वाघ उभा आहे आणि ब्रिटिश सिंह त्या वाघावर झेप घेत आहे. कल्पना ‘पंच’मधल्याच शर्ली ब्रुक्सची होती; हात टेनियलचा. ह्या एका चित्राने तो घरोघर पोचला. तीन आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, दुसरे चित्र आले. ह्यात हातात तलवार घेतलेली न्यायदेवता शिपायांना कापीत पुढे चालली आहे, मागे तोफा आहेत आणि एका कडेला हिंदी बायका मुलांना पोटाशी धरून आक्रोश करीत आहेत.

ज्या न्यायदेवतेच्या चित्राने १८४५ साली ह्या चित्रकाराला बक्षीस मिळवून दिले, तीच बारा वर्षांनी तलवार उगारून आपल्या माणसांवर आली! त्याच्या मनात काय होते हे कोण सांगणार? पण कडेच्या त्या रडणाऱ्या बायका त्याने काढल्या, एवढे खरे. सूडाच्या चित्रातही सूड कुणाला भोगावा लागतो हे त्याच्या पेन्सिलीने सांगून टाकले. त्याने ते जाणून केले असो वा नसो, आपण ते चित्र पाहताना नजर न्यायदेवतेकडे न जाता त्या कोपऱ्याकडेच जाते.

आपली स्वतःची राजकीय मते कोणती, हे टेनियल कुणाला सांगत नसे. आपल्या साप्ताहिकाचे मत तेच आपले, असा त्याचा बाणा होता. ह्या बाण्याचे दोन्ही परिणाम दिसतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात त्याने अब्राहम लिंकनची वर्षानुवर्षे टवाळी केली. १८६५ साली लिंकनचा खून झाला, तेव्हा ‘पंच’ला आपली चूक कळून आली. तेव्हा त्याच टेनियलने ब्रिटानिया लिंकनच्या देहावर पुष्पचक्र वाहत असल्याचे चित्र काढले. १८७० साली स्त्रियांना मताधिकार देण्याचे बिल पार्लमेंटापुढे आले. त्याच्या चित्रात बायकांचा घोळका दारावर धडका देतो आहे आणि आतून जॉन बुल ते दार दाबून धरून उभा आहे. तो घोळका पाहून त्या काळचे वाचक हसले असतील. पण दार काही कायमचे बंद राहिले नाही. इंग्लंडात १९१८ साली काही स्त्रियांना मत मिळाले, १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने मिळाले. आपल्या मुंबई इलाख्यातही १९२१ साली मिळकतीच्या अटीवर स्त्रियांना मताचा हक्क मिळाला होता. हसणाऱ्यांची चित्रे ग्रंथालयात राहिली, बायका मात्र पुढे निघून गेल्या.

पण सत्ताधाऱ्यांना टोचायलाही त्याची पेन्सिल मागे राहिली नाही. १८७६ साली पंतप्रधान डिझरायलीने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करण्याचा घाट घातला. टेनियलने त्याला अल्लादिनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्याचे सोंग दिले. जुने दिवे घेऊन नवे देणाऱ्या त्या ठकासारखा तो राणीला जुन्या मुकुटाच्या बदल्यात हिंदुस्थानचा नवा मुकुट देऊ करतो आहे. सौदा कुणाच्या जिवावर, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्याचे सर्वांत गाजलेले व्यंगचित्र २९ मार्च १८९० चे. जर्मनीच्या तरुण कैसरने वृद्ध बिस्मार्कला कारभारातून दूर केले होते. मोठे जहाज समुद्रात उभे आहे. बिस्मार्क वाटाड्याच्या पोशाखात जहाजाच्या बाजूचा जिना उतरतो आहे आणि वरून कठड्यावर रेलून मुकुट घातलेला कैसर त्याच्याकडे पाहतो आहे. चित्रात टवाळी नाही, आरडाओरडा नाही. केवळ एका म्हाताऱ्याचे जड पाऊल आहे. जगभरच्या व्यंगचित्रकारांनी त्याची नक्कल केली आणि अजूनही करतात.

ह्या साऱ्या धबडग्यात ‘ॲलिस’ आली. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजातला चार्ल्स डॉजसन हा गणिताचा अध्यापक. त्यानेच पुढे लुई कॅरॉल हे नाव घेतले. एका लहान मुलीसाठी रचलेली गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने चित्रे काढून लिहिली होती. पण छापण्याच्या लायकीची आपली चित्रे नाहीत हे त्याला कळत होते. ‘पंच’मधल्या टॉम टेलरने त्याची टेनियलशी गाठ घालून दिली आणि १८६४ साली टेनियलने काम पत्करले. लेखक भारी काटेकोर, चित्रकारही तसाच. १८६५ साली पुस्तकाच्या दोन हजार प्रती छापून झाल्या, तेव्हा टेनियलला चित्रांची छपाई पसंत पडली नाही. कॅरॉलने नुकसान सोसून ती आवृत्ती मागे घेतली आणि पुस्तक पुन्हा छापले. चित्रकाराच्या एका शब्दावर सबंध आवृत्ती बाजूला ठेवणारा लेखक विरळाच! नाकारलेले ते कागद अमेरिकेत विकले गेले. मूळ आवृत्तीच्या ज्या थोड्या प्रती उरल्या, त्या आज ग्रंथसंग्राहकांना सोन्याहून मोलाच्या वाटतात.

दुसऱ्या पुस्तकाला टेनियलने आधी नकारच दिला होता. बरीच मनधरणी झाल्यावर तो तयार झाला आणि ॲलिस आरशापलीकडे जाते ते पुस्तक १८७१ च्या अखेरीस निघाले. त्यातला टोप घातलेल्या गांधीलमाशीचा भाग चित्रात उतरण्यासारखा नाही, असे टेनियलने कळवले आणि कॅरॉलने तो गाळून टाकला. पहिल्या पुस्तकात ४२ आणि दुसऱ्यात ५० चित्रे आहेत. ह्यानंतर पुस्तकांची चित्रे काढण्याची आपली ताकद संपली, असेच टेनियलला वाटू लागले आणि तो ‘पंच’च्या ठोकळ्यांकडे परतला.

त्याच्या कामाचे पडसाद आपल्याकडेही उठले. मुंबईत पारशी मंडळींनी ‘पंच’च्या धर्तीवर व्यंगचित्रांचे पत्र चालवले. तेच पुढे बर्जोरजी नवरोजींच्या हाती ‘हिंदी पंच’ म्हणून नावारूपाला आले आणि त्यातला पंचोबा राज्यकर्त्यांनाच चिमटे काढू लागला. विलायतेहून आलेले हत्यार आपल्या लोकांनी आपल्या हाती घेतले ते असे. ॲलिसही मराठीत आली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक ह्यांनी ती ‘जाईची नवलकहाणी’ ह्या नावाने मराठी मुलांच्या हाती दिली.

१८९३ साली ग्लॅडस्टनच्या शिफारशीवरून टेनियलला ‘सर’ हा किताब मिळाला. ज्या ग्लॅडस्टनला त्याने नाना सोंगांत उभे केले, त्यानेच हा मान दिला, हे दोघांनाही शोभणारेच झाले. १९०१ च्या आरंभी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षात, त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्या वर्षीच्या १२ जूनला त्याला निरोपाची मेजवानी दिली गेली. अध्यक्षस्थानी पुढे पंतप्रधान झालेले आर्थर बॅलफोर होते आणि सभागृह मोठमोठ्या माणसांनी भरले होते. टेनियल उत्तर द्यायला उभा राहिला. पण त्याचा कंठ दाटून आला, शब्द फुटेना, आणि तो तसाच खाली बसला. तरुणपणी डिकन्सच्या हौशी नाटकमंडळीत काम केलेला हा माणूस. पण त्या दिवशी त्याला तोंडून काही बोलता आले नाही. पन्नास वर्षे तो रेघेनेच बोलत आला होता.

शेवटची वर्षे कठीण गेली. ज्या एका डोळ्यावर सारे आयुष्य काढले, त्याचीही दृष्टी गेली. तरी त्याने कुरकुर केल्याचे कुणी सांगत नाही. २५ फेब्रुवारी १९१४ रोजी, वयाची चौऱ्याण्णव वर्षे पुरी व्हायला तीन दिवस असताना, तो शांतपणे गेला. आणखी सहा महिन्यांच्या आत पहिले महायुद्ध सुरू झाले. वाटाड्या उतरून गेलेले ते जहाज खडकावर आदळले, ते पाहायला चित्रकार उरला नव्हता.

टेनियलच्या आयुष्याकडे पाहताना नुसते कौतुक करून चालत नाही आणि नुसता रागही धरवत नाही. ज्याने आपल्या शिपायांवर सिंह सोडला, त्यानेच जगभरच्या मुलांना ससा दिला. बुधवारी टेबलावर जे ठरे ते शुक्रवारी तो इमानाने काढी. आणि ठरलेल्या गोष्टीतले बरे-वाईट कालांतराने त्याच्याच नावावर जमा झाले. घरातले असो, मंडळातले असो वा देशातले असो, चौघांनी ठरवलेले काम आपल्या हातांनी करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. हात आपला असला, की रेघही आपलीच.

आता नातवंडांसाठी ‘ॲलिस’चे पुस्तक उघडाल, तेव्हा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जरा निरखून पाहा. तेथे एकमेकांत गुंफलेली दोन इंग्रजी अक्षरे दिसतील. ती जॉन टेनियलची सही. बहुतेक चित्रांत तिच्या जवळपासच ठोकळे कोरणाऱ्या डॅल्झिएल बंधूंचेही नाव सापडेल. मुलांना ती दोन्ही नावे दाखवा, आणि त्या एका डोळ्याच्या चित्रकाराने आपले दुःख वडिलांपासून कसे लपवले तेही सांगा. ससा तर त्यांना आवडेलच.